रकान्यात न मावलेला डोळा

माणूस वाकडातिकडा असला तरी चालतो. नोंद सरळ असावी लागते. सोलापुरातल्या एका धर्मादाय नेत्रशिबिराने हे सत्य ओळखून गावोगावच्या आशाताईंच्या हाती टॅब दिले. सोयीसाठी हवे ते रकाने वाढवायची मुभाही दिली. (अशिक्षितांनी रकाने कमी केले असते.)

टॅबमधली माहिती जेसॉन नावाच्या गाठोड्यातून यायची. गाठोडं सोडून एकेक वस्तू ठरल्या कप्प्यात ठेवणारा प्रोग्रॅम शिबिराच्या कार्यालयात नव्याने लागलेल्या इफ्राने लिहिला होता. वय म्हणजे आकडा. डोळा म्हणजे एकच शब्द, डावा किंवा उजवा. पोरगी हुशार, कप्पे चोख. गावं मात्र गावंच. कुणाच्या वयात 'बहात्तरच्या दुष्काळात रांगत होती' असं आलं, कुणाच्या वयात जावयाचा मोबाईल नंबर, आणि एका गाठोड्यात तर 'सुनेशी पटत नाही' हा स्वतंत्र रकानाच निघाला. पहिल्या दिवशी १,११२ नोंदींपैकी नऊ स्वीकारल्या गेल्या. नऊही अत्यंत शुद्ध होत्या.

तिचे वरिष्ठ युवराजसर यांनी मोठ्या मनाने तोडगा काढला. जे कळणार नाही ते परत पाठवायचं नाही. तिथे आपणच ठरवलेलं उत्तर भरायचं. वय कळलं नाही तर शून्य, डोळा कळला नाही तर डावा. इफ्राने तशा ओळी लिहिल्या आणि त्रुटी एकदम शून्यावर आल्या. सरांनी पेढे वाटले. त्याच दुपारी मोतीबिंदू झालेली एकशे तीन तान्ही बाळं यादीत सापडली.

शिबिराच्या दिवशी अक्कलकोटजवळच्या खेड्यातून शिवम्मा आल्या. घरी एकट्याच राहणाऱ्या. त्यांच्या आशाताईने डोळ्याच्या रकान्यात खरं ते सगळं लिहिलं होतं : डावा लहानपणीच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू. एका शब्दाच्या जागी दोन डोळे आल्यावर प्रोग्रॅम काय करणार? त्याने डावा धरला. डॉक्टरांनी तपासलं. डाव्यात मोतीबिंदू नव्हता (डोळाच नव्हता), उजव्यात होता. पण उजव्याची मंजुरी कागदावर नव्हती.

"पोरी, मला एवढाच हाय की," शिवम्मा इफ्राला म्हणाल्या. "ह्यो बी गेला तर चूल कुटं अन् दार कुटं, मला कोण सांगंल?"

इफ्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ तिच्याच हातची होती. ती सरांकडे धावली. दहा मिनिटांत दुरुस्त करते म्हणाली. सर रागावले नाहीत. त्रुटी शून्याच्या खाली नेता येत नाहीत, एवढंच त्यांनी तिला समजावलं. नोकरीला चारच महिने झाले होते. इफ्रा जागेवर येऊन बसली.

चार वाजता शिबिर आटोपलं. शिवम्मांच्या नावापुढे नोंद पडली : डावा डोळा, मोतीबिंदू नाही, प्रकरण निकाली. जाताना त्यांनी अभिप्राय कानडीतून दिला, बराच वेळ दिला. तो यंत्रणेला कळला नाही, आणि न कळलेला अभिप्राय 'समाधानी' धरायचा असा नियम आहे.

इथवर वाचून तुम्हीही मनातल्या मनात 'अरेरे' म्हणाला असाल. हा शब्द अभिप्रायांच्या यादीत नाही. तुमचीही नोंद करून घेतली आहे.