काकूच्या भावाची मिशी

मी एकदा माझ्या चुलतसासूच्या भावाची मिशी ओढली आणि ती माझ्या हातात आली.

आता हसू येतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, अंबाजोगाईची लेक होते आणि भावाच्या पाटीत डोकावून बाराखडी शिकले होते. एवढं शहाणपण घेऊन चौसाळ्याजवळच्या खेड्यात नांदायला आले, तेव्हा इथं आपल्याला कुणी फसवील हे मला खरंच वाटत नव्हतं. भाकरी करपली तर मी जवारीला नावं ठेवायची.

माझी ही चुलतसासू, कौसाकाकू, माझ्या नेमकी उलटी. तिच्याइतकी फसणारी बाई निजामाच्या अख्ख्या मुलखात नसेल. दर साली फाल्गुनात रायभान बहुरूपी गावात यायचा. सात दिवस मुक्काम, रोज नवं सोंग. आठव्या दिवशी तो स्वतःचा चेहरा घेऊन दारोदार फिरायचा. जे फसले त्यांनी सूपभर जवारी घालायची, ज्यांनी सोंग तिथंच ओळखलं त्यांनी नुसता रामराम करायचा, असा रिवाज.

मी आले त्या साली पाऊस फिरकला नव्हता. कणग्यांनी तळ दाखवला होता, विहिरीत पाण्यापेक्षा उन्हाचंच प्रतिबिंब जास्त. आणि गावाला एकाएकी अक्कल फुटली! रायभान वेशीत पाऊल ठेवायचा तोच ओट्याओट्यांवरून आवाज यायचा, "वळखलं बे, वळखलं!" त्यानं अंबाडीच्या वाखाची नवी दाढी रंगवून आणली होती, तिच्याकडं कुणी धड पाहिलंसुद्धा नाही.

फसायला उरली एकटी काकू. तो सरकारी वसुलीचा गिरदावर होऊन "गुरं जप्त!" म्हणत दारात आला, तर ही कणगीमागं दडून ओरडली, "सायब, गाय मेली! म्या बी मेले!" मागच्या दारी गाय हंबरत होती. तो वैदू होऊन आला, तर काकूनं जीभ काढून दाखवली आणि त्यानं दिलेली राखेची पुडी डोळे मिटून खाल्ली. मी हसत सांगायची, "काकू, त्योच की हो त्यो! त्याची करंगळी वाकडी हाय, बघा." ती डोळे मोठे करायची, "अगं बया, खरंच की!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच.

"कामून फसता हो एवढं?" मी विचारलं.

"फसाया बी दानत लागती, बये."

बाई जरा कमीच आहे, असं मी मनात ठरवून टाकलं.

पाचव्या दिवशी रायभान साधूच्या सोंगाच्या जटा उतरवून, मांडीवर घेऊन पारावर बसला आणि माणसांना म्हणाला, "औंदा सोंगाची पेटी नदीत सोडतो अन् सडकंवर खडी फोडाया जातो." काकू घागर घेऊन चालली होती. ती थांबली, आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "उद्या माझा भाऊ यायचाय. चुकवू नको म्हणावं त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं थरथरत होतं की समोरची घरं पाण्यातल्यासारखी हलत होती. त्या उन्हातून लाल फेटा, झुबकेदार मिशी आणि खांद्यावर पडशी असा एक माणूस आला. आमच्या घरात पाणी घोटाघोटानं वाटलं जायचं. काकूनं पुरा तांब्या त्याच्या पायावर ओतला.

"आई कशी हाय रं?"

"बरी हाय. तुजी याद काढती."

"अन् सिंदफणेच्या काठचा आपला आंबा?"

"लई मोहरलाय, आक्का. पानं दिसंनात."

दुष्काळात, आमच्या धुळीच्या ओट्यावर, मला मोहराचा वास आला. शपथेवर सांगते. मीही गुंगले होते. मग त्यानं प्यायला दिलेला दुसरा तांब्या उचलला आणि मला ती वाकडी करंगळी दिसली.

घरची सूपभर जवारी वाचवायची होती ना मला! पुढं झाले आणि ओढली मिशी. "काकू, ह्यो भाऊ न्हाई, बहुरूपी हाय!"

कुणी हसलं नाही. एरवी वेशीतच ओळखणारं गाव आजूबाजूच्या ओट्यांवर माना खाली घालून बसलं होतं. रायभान पडशी उचलू लागला. सोंग पकडलं गेलं की दाणा मागायचा नाही.

सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. कानाशी म्हणाल्या, "सटवे, पटकीच्या साथीनं तिच्या माहेरी कुणी उरलं न्हाई. आई न्हाई, भाऊ न्हाई. दर साली सहाव्या दिशी ह्यो येतो, तेवढंच तिचं म्हायेर. समद्या गावाला ठावं हाय."

माझ्या मुठीत ती मिशी घामानं भिजली होती. काकू उठली. तिनं माझी मूठ हळूच उघडली, मिशी पदरानं पुसली आणि रायभानच्या पुढं धरली. त्यानं ती लावली. उलटी लागली, टोकं खाली. मग तो पुन्हा ओट्यावर टेकला आणि पडशी त्यानं परत खाली ठेवली.

आणि काकू माझ्याकडं वळून म्हणाली, "बघतीस काय अशी? मामा आलेत. डोईवर पदर घे, पाया पड, अन् दोन भाकरी जास्तीच्या टाक."