किटली तेवढी स्थिर

सेनापती थरथर कापत होते. त्यांच्यामागे उभी असलेली पलटण कापत होती, तंबू कापत होता, तंबूमागचं झाडसुद्धा कापत होतं. सगळ्या छावणीत शांत होती ती फक्त चुलीवरची किटली.

"भाऊ, हे काय आहे?" संचालकबाईंनी विचारलं.

"जिवंत झाले की नाही?" भाऊ म्हणाले आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

भाऊ म्हणजे संग्रहालयाचे फोटोवाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका लढाईचे जोडफोटो त्यांच्या हाती आले होते. त्या काळी दोन भिंगांचा कॅमेरा असे. एकाच पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन फोटो चिकटवायचे, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसा, एक उजव्या. खास चौकटीतून पाहिलं की माणसं पुठ्ठ्यातून उठून बाहेर येत. भाऊंनी शक्कल लढवली. दोन्ही फोटो पडद्यावर भराभर आलटूनपालटून दाखवायचे, म्हणजे चित्र डुलायला लागतं आणि चौकट नसतानाही पुढचं पुढे, मागचं मागे दिसतं. मात्र दोन्ही फोटो कुठेतरी एका जागी तंतोतंत जुळवावे लागतात. जी वस्तू जुळवाल ती खिळा ठोकल्यासारखी स्थिर राहते, बाकीचं हलतं. भाऊंनी जन्माच्या सवयीने फोटोतली सगळ्यात स्वच्छ कड शोधली, आणि ती निघाली किटलीची. सेनापतींच्या दाढीला कुठली आलीय कड?

या डुलण्यावर भाऊंची कामाची खोली अवलंबून होती. संग्रहालयाच्या मंडळाला तिथे कॅन्टीन थाटायचं होतं. "फोटो बघायला कोण येतं? चहा प्यायला सगळे येतात," असं मंडळाचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. प्रदर्शनाला माणसं आली तर खोली राहणार, नाहीतर भाऊंच्या टेबलाच्या जागी समोशाची कढई नसली तरी चहाची टाकी नक्की येणार होती.

फोटो होते सेनापतींच्या पणतूचे. हे पणतू निवृत्त न्यायाधीश. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते सहज म्हणून डोकावले आणि पडद्यासमोर खिळून उभे राहिले.

"आमचे पणजोबा कापतायत," ते हळूच म्हणाले. हळू आवाजात त्यांनी आयुष्यभर मोठमोठ्या शिक्षा सुनावल्या होत्या.

"डुलतायत, साहेब," भाऊ म्हणाले.

"तोफेसमोर छाती काढून उभा राहिलेला माणूस. त्याची पाचावर धारण बसलीय, आणि किटलीवर ढिम्म परिणाम नाही! हे असंच राहणार असेल तर फोटो मी घरी नेतो."

न्यायाधीश गेल्यावर संचालकबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, सगळ्यांनाच स्थिर करा ना एकदम!"

"करतो की. पण मग तो नुसता फोटो झाला."

भाऊंनी खिळा सेनापतींच्या दाढीत ठोकला. तीन-चारदा निसटला, शेवटी बसला. आता सेनापती पहाडासारखे निश्चल आणि भोवती पलटण लटपटतेय. भाऊंच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाचे केक आणि बिस्किटं घेऊन बेकरीवाली बाई आली. ट्रे टेबलावर ठेवता ठेवता तिची नजर पडद्यावर गेली.

"अगं बाई, हा डावीकडचा बिगुलवाला! आमच्या पणजीचा बाप तो. घरी लावलाय त्याचा फोटो." ती जवळ गेली. "पण हा कापतोय का?"

"सगळेच कापतायत, ताई."

"हा दाढीवाला कुठे कापतोय?"

"ते सेनापती आहेत."

"असं होय! म्हणजे साहेब तेवढे शूर आणि आमचे भित्रे!" बाईंनी ट्रे परत उचलले. "मग पाहुण्यांना खाऊ घाला दगड."

केक नसलेलं उद्घाटन म्हणजे मंडळाच्या हातात आयतं कोलीत. भाऊंनी घाईघाईने खिळा बिगुलवाल्याच्या टोपीत ठोकला. बाईंनी ट्रे खाली ठेवले, पण आता सेनापती पुन्हा थरथरायला लागले, आणि दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. भाऊंनी खिळा उपटून परत दाढीत घातला. बाईंनी ट्रे उचलले. न्यायाधीश आत आले तेव्हा भाऊ घामाघूम होते आणि बेकरीवाली बाई हातात केक घेऊन लढाईच्या पवित्र्यात उभी होती.

न्यायाधीश खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. एकेक चेहरा निरखू लागले.

"भाऊ," ते म्हणाले, "हा बिगुलवाला आत्ता फुंकेल असं वाटतं, नाही?"

"हो, साहेब."

"तो मागचा पोरगा तर हसायच्याच बेतात आहे. सगळे जिवंत झालेत हो. आमचेच तेवढे भिंतीवरचे वाटतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी कधी पाहिलं नाही त्यांना. काल पहिल्यांदा हलताना पाहिलं, आणि मी आपला शिक्षा सुनावून निघून गेलो. तुमचं ते किटलीचं होतं, ते परत लावता का?"

"पण साहेब, कापतील ते."

"कापू देत. थंडी असेल त्या दिवशी."

"थंडीच असणार!" बेकरीवाली बाई लगेच म्हणाली. "आमच्या घरात अजून कुणाला थंडी सोसत नाही." तिने ट्रे टेबलावर ठेवले आणि केकचा मोठा तुकडा न्यायाधीशांच्या हातात दिला.

प्रदर्शन असं चाललं की रांग पायऱ्यांच्याही खाली गेली. लोक येत, आपापले पूर्वज शोधत, सापडले की बोट दाखवून म्हणत, "बघ, बघ, हलले!" ज्यांचे नव्हते तेही कुणा मिशाळाला आपलं म्हणून समाधानाने घरी जात. मंडळाने कॅन्टीन मागच्या अंगणात हलवलं आणि खोली भाऊंची राहिली.

महिन्याभराने एक सुतार टोपी हातात धरून भाऊंच्या टेबलाशी आला. बराच वेळ घुटमळला.

"फार छान केलंय. सगळे कसे जिवंत झालेत," तो म्हणाला. "एक विनंती होती. आमचे पणजोबा त्या पलटणीचे आचारी. ते फोटोत नाहीत, लाकडं आणायला गेले असतील. पण ती किटली आमची."

"बरं मग?"

"नाही, सगळ्यांचं हलतंय म्हणून म्हटलं," सुतार संकोचून म्हणाला, "आमचंही जरा हलवता का?"