टकोजीची ढोली आणि शुभ गिऱ्हाईक

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका बाळांनो, विचारणाऱ्याला तिथेही कुणी उत्तर देत नाही, टकोजी नावाचा एक सुतार पक्षी राहत होता. वाळक्या खोडात ढोली कोरायची आणि विकायची, हा त्याचा धंदा. काम एक नंबर. त्याच्या ढोलीत पाणी म्हणून शिरायचं नाही.

पूर्वी गिऱ्हाईक यायचं, ढोलीत डोकं घालून बघायचं, घासाघीस करायचं आणि मोबदला ठेवून जायचं. फारच मागासलेली पद्धत. मग कोळ्यांनी या झाडापासून त्या झाडापर्यंत जाळं विणलं आणि त्यावर ऑनलाइन लिलाव सुरू केला. कंपनीचं नाव वनबोली. आता घरबसल्या बोली लावायची. ज्याची बोली मोठी, त्याची वस्तू. जंगल सुधारलं.

कंपनीचा नियम साधा होता. सौदा ठरला की कोळी ढोलीच्या तोंडावर जाळीचं सील लावून जायचा. मोबदला मिळाला की सील निघणार. तोवर ढोली गिऱ्हाइकाची नाही, आणि विकणाऱ्याची तर नाहीच नाही. मोबदला किती दिवसांत द्यायचा, हे मात्र नियमात नव्हतं. गिऱ्हाइकावर अविश्वास दाखवणं कंपनीला बरं वाटलं नसावं.

त्या वर्षी टकोजीने सावरीच्या खोडात एक झकास ढोली कोरली. त्याच्या बायकोचे, राहीचे, दिवस भरत आले होते. टकोजीचं गणित असं की ही ढोली विकायची, मोबदल्यात वाळवी घ्यायची आणि ती खात खात घरासाठी दुसरी ढोली कोरायची. पोटात काही नसताना पंधरा दिवस चोच चालत नाही. राही म्हणाली, याच ढोलीत अंडी घालते की मी. टकोजीने तिला समजावलं की वापरलेल्या मालाला भाव येत नाही. धंद्यातलं त्याला फार कळायचं.

लिलावात पोपटाच्या एका जोडप्याने नऊ द्रोण वाळवीची बोली लावली. बिचारे द्रोण भरून झाडाखाली येऊनच बसले होते. लिलाव संपणार तेवढ्यात पंधरा द्रोणांची बोली आली. लावणारे कोण, तर भाग्यवंतराव भारद्वाज.

भारद्वाज तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. दिसायचं, एवढंच त्याला काम. आणि तो राहतो झुडपात. मग त्याला ढोली कशाला हवी? ढोली नकोच होती हो. भाग्यवंतरावांना बोली जिंकायला आवडायचं.

टकोजी हरखून गेला आणि तिथेच फसला. आपल्यात एक रीत आहे. पैसे आत्ताच हवे असले तरी तोंडाने म्हणायचं, "सावकाश द्या हो, कुठे पळून जाताय." ऐकणाऱ्यालाही ते कळतं आणि तो लगेच खिशात हात घालतो. टकोजीने हे सगळं लेखी कळवलं. आपण घेतलीत, ढोली पावन झाली, मोबदल्याचं काय, सावकाश द्या. भाग्यवंतरावांनी तो निरोप जपून ठेवला.

आठ दिवस गेले. टकोजीने 'सहज आठवण' म्हणून एक निरोप पाठवला. तो लिहायलाच त्याला दोन दिवस लागले, कारण गिऱ्हाईक दुखावता कामा नये. उत्तर आलं नाही. मग तो स्वतः गेला.

भाग्यवंतराव बांबूच्या बेटात ऊन खात बसले होते. टकोजीचे पंख आपोआप जुळले. सकाळी सकाळी भारद्वाजाचं दर्शन झालेलं, आणि त्यालाच उधारी मागायची? जीभ रेटेना. कुणाचं लग्न कुठे ठरलं, यंदा आंब्याला मोहोर कसा आहे, असं सगळं बोलून झाल्यावर त्याने एकदाचा विषय काढला.

"तुम्हीच सावकाश म्हणालात," भाग्यवंतराव म्हणाले. "लेखी आहे माझ्याकडे. आणि आत्ता मी तुम्हाला दिसलो, त्याचं काही मागितलं का मी?"

टकोजी ओशाळला. देणं आपल्याकडेच निघतंय असं वाटून तो त्यांच्यापुढे दोन बोरं ठेवून परत आला.

मग त्याने वनबोलीकडे तक्रार केली. तिथल्या साळुंकीने तीन वेळा कळवलं की आपली तक्रार आम्हाला मोलाची आहे. चौथ्या वेळी कळवलं की वरचेवर तक्रार करणाऱ्या विक्रेत्याचं नाव यादीत खाली टाकतात. टकोजीने तक्रार मागे घेतली आणि तसदीबद्दल साळुंकीची माफी मागितली. तोवर पोपटांनी दुसरीकडे घर केलं होतं.

राहीला आता उडवेना. सील लावलेल्या ढोलीसमोर ती बसून असायची.

"एक टोच मारा," ती म्हणाली. "शिसवाचं खोड फोडता तुम्ही, ही तर कोळ्याची जाळी. फाडा आणि मला आत जाऊ द्या."

टकोजीने चोच उचललीसुद्धा. पण मग त्याला यादी आठवली. "आपलं नाव खराब होईल गं," तो म्हणाला. "दोन दिवस बघू. मोठी असामी आहे, बुडवणार नाही."

दोन दिवसांनी राहीने उघड्या फांदीच्या बेचक्यात तीन अंडी घातली. पांढरीशुभ्र, लांबूनही दिसतील अशी. टकोजीला स्वतःची लाज वाटली. त्याने भीड बाजूला ठेवून भाग्यवंतरावांना खरं काय ते लिहिलं. ढोलीअभावी आमची अंडी उघड्यावर आहेत. तीन आहेत. सावरीची दक्षिणेकडची फांदी. आपण जातीने येऊन बघावं, म्हणजे अडचण कळेल. सकाळी आम्ही दोघं मुंग्या शोधायला जातो, तेवढा वेळ सोडून कधीही यावं.

या निरोपाला उत्तर ताबडतोब आलं. उद्याच येतो.

दुसऱ्या दिवशी टकोजी आणि राही मुंग्या घेऊन परतले, तेव्हा भाग्यवंतराव फांदीला चोच पुसत होते. बेचक्यात टरफलं पडली होती.

टकोजीला रडू येत होतं, आणि भारद्वाजाचा गळा धरावा असंही वाटत होतं. भाग्यवंतराव मात्र अगदी मोकळेपणाने बोलले. तुम्ही घरी नव्हता, म्हणून थोडं खाऊन घेतलं. पाहुणचार आवडला. ढोली काही मनात भरत नाही, तेव्हा सौदा रद्द समजा. एवढं बोलून ते उडाले.

वनबोलीचं काम चोख. तासाभरात कोळी आला आणि सील काढून गेला. ढोली मोकळी झाली. शेजारच्या चिमण्या राहीजवळ येऊन म्हणाल्या, भारद्वाज आपण होऊन दाराशी आला, नशीब काढलंत तुम्ही. राही ढोलीच्या तोंडाशी बसून होती. ती आत गेली नाही.

तात्पर्य : बाळांनो, देणेकऱ्याच्या मागे कधी लागू नये. सवड झाली की तो आपण होऊन घरी येतो, आणि आला की रिकाम्या हाताने कधी परत जात नाही.