चपळ खारीचा पहिला प्रश्न

मान हलवणं ही वरवर पाहता अगदी निरुपद्रवी क्रिया आहे. पैसे पडत नाहीत, आवाज होत नाही आणि माझ्या वयात मानेला तेवढाच व्यायाम. (डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम वेगळा आहे. तो मी करत नाही.) पण एका रविवारी जेवताना मी एकदाच मान हलवली आणि पोटच्या मुलीचं घर पणाला लावून बसलो.

मुलगी आणि जावई दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. जावई दंतवैद्य आहेत. दिवसभर आ वासून बसलेल्या माणसांशी एकतर्फी गप्पा मारायची त्यांना सवय. समोरून उत्तर आलं नाही तर त्यांना वाईट वाटत नाही, उलट इंजेक्शन लागू पडलं असं वाटतं. त्या रविवारी घास मोडता मोडता ते म्हणाले, "बाबा, शेवटी क्रिप्टोमध्ये सगळा खेळ विकेंद्रीकरणाचा आहे, नाही का?"

एखाद्या सरळ माणसाने विचारलं असतं, "म्हणजे काय हो?" पण मी सरळ माणूस नाही, मी डॉक्टरेट आहे. आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. प्रबंध 'संशय' या विषयावर. (तो परीक्षकांनी वाचला होता का, याचा मला अजून संशय आहे.) एवढ्या शिकलेल्या माणसाने जावयासमोर 'म्हणजे काय' म्हणायचं? मी मान हलवली. सावकाश, किंचित तिरकी, डोळे अर्धवट मिटून.

तिथेच चुकलं. कारण पहिल्या वेळी विचारलं नाही की दुसऱ्या वेळी विचारता येत नाही, आणि दहाव्या वेळी तर विचारणं म्हणजे नऊ वेळा खोटं बोलल्याची कबुली. पुढच्या रविवारी ते 'ब्लॉकचेन' म्हणाले, मी मान हलवली. त्याच्या पुढच्या रविवारी 'मायनिंग' म्हणाले. मला डोक्यावर दिवा लावून खाणीत उतरलेली माणसं दिसली, तरी मी मान हलवली. मग एकदा त्यांनी थेट विचारलं, "बाबा, तुमचं मत काय? वॉलेट हॉट ठेवावं की कोल्ड?"

नुसत्या मानेवर भागण्यासारखं नव्हतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

जावई मुलीकडे वळले. "बघितलंस? एका वाक्यात!"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते खरं आहे. फक्त ती मूठ कोणी तारण ठेवायला मागेल, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

माझी बायको या सगळ्यात काही बोलत नसे. ती गणिताची निवृत्त शिक्षिका. फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलाला उत्तर येत नाही हे ती त्याच्या मानेवरून ओळखायची, असं तिच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. पण जेवताना ती फक्त भाजी पुढे सरकवायची.

मग तो रविवार आला. जावयांनी हात धुतले, पुसले, आणि जाहीर केलं, "बाबा, ठरलं. नव्या घरासाठी साठवलंय ते सगळं क्रिप्टोत घालतो. पुढच्या रविवारी, इथेच, तुमच्यासमोर बटण दाबणार. तुमच्यासारखा माणूस पाठीशी आहे म्हणून हिंमत."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला दिवस गेले आहेत. सध्या ती दोघं दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. खाली ड्रिल सुरू झालं की वर कपबश्या थरथरतात. बाळ त्या आवाजात झोपायचं कसं, म्हणून नवं घर.

"बाबा, नक्की ना?" तिने विचारलं.

मला ओरडून सांगायचं होतं, "अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही!" पण सवय वाईट. मान हलली.

ती दोघं गेल्यावर बायकोने भांडी विसळता विसळता विचारलं, "तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

"सगळ्याच गोष्टी शब्दांत मांडता येत नाहीत."

"हं," ती म्हणाली.

आता हातात एक आठवडा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको आतल्या खोलीत आडवी झाल्यावर मी घरातला टॅब उघडला. योगायोग बघा, त्यावर कुणीतरी (मला वाटलं, मुलीने) एक पान उघडंच ठेवलं होतं : 'क्रिप्टो : नवशिक्यांचा कट्टा. इथे कुठलाही प्रश्न मूर्खपणाचा नसतो.' एवढं औदार्य मला विद्यापीठातही भेटलं नव्हतं. मी सभासद झालो. नाव काय घ्यावं याचा अर्धा तास विचार केला. शेवटी कंटाळून कट्ट्यानेच नाव दिलं : 'चपळ खार'. मला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. पण बदल कसा करायचा ते सापडेना.

मी पहिला प्रश्न लिहिला. आधी स्वतःच्या अज्ञानाबद्दल क्षमा मागितली, मग विषयाची मर्यादा स्पष्ट केली, मग दोन पर्यायी भूमिका मांडल्या, आणि शेवटी विचारलं, "मुळात, काटेकोर अर्थाने पाहता, हे नाणं 'असतं' म्हणजे नेमकं कुठे असतं, आणि 'असतं' म्हणजे काय?"

लगेच उत्तरं आली.

"काका, प्रश्न कुठल्या पानावर आहे?" असं 'उडता बेडूक'ने विचारलं.

"भावा, इतका विचार करशील तोवर भाव खाली येईल," 'रागीट कासव' म्हणालं.

"मी पण नवीन आहे. कुठलं नाणं वर जाईल?" हा प्रश्न सातजणांनी विचारला आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. थोड्याच वेळात माझ्या ध्यानात आलं की इथे ज्याला विचाराल तो स्वतः ज्यात अडकलाय त्याच नाण्याचं नाव सांगतो.

एका बाईंनी तर मला खासगीत संदेश पाठवला. "प्रिय, तुम्ही कसे आहात? मी तुमचे पैसे दुप्पट करून देऊ शकते." कोणी आपुलकीने विचारलं की सविस्तर सांगावं, असे माझ्यावरचे संस्कार. मी कसा आहे ते सांगितलं. गुडघ्यापासून सुरुवात केली, पचनापर्यंत आलो. तिसऱ्या परिच्छेदानंतर बाईंनी मला ब्लॉक केलं.

मला खरं उत्तर दिलं ते 'शांत घुबड'ने. (घुबड असून भर दुपारी जागं, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.) त्याने लिहिलं, "समजा, एका गल्लीत कुणाकडेच नोटा नाहीत. पण कुणी कुणाला काय दिलं, ते गल्लीतल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर एकाच वेळी लिहिलं जातं. एकाने आपली भिंत पुसली तरी बाकीच्या भिंती साक्षीला असतात. नाणं म्हणजे ते सगळ्यांच्या भिंतीवरचं लिहिणं. तुमच्याकडे असते ती फक्त किल्ली. ती हरवली की रडायला कुठलंही कार्यालय नाही."

"पण त्याला किंमत का?" मी विचारलं.

"कारण पुढचा माणूस ती द्यायला तयार असतो."

"आणि पुढचा माणूस आलाच नाही तर?"

"मग पुढचा माणूस आपणच होतो, असं समजायचं."

मी थक्क झालो. इतकं स्वच्छ शिकवणं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. (माझ्या तासाला बसून ते ऐकायला मिळणं अवघडच होतं.) मग आमची रोज दुपारी गट्टी जमली. नवशिक्याने घालावेत तरी किती, असं विचारलं तर घुबड म्हणालं, "गेले तरी त्या दिवशी जेवण गोड लागेल, एवढेच." घरचं घराबाहेर नेऊ नये हे मला कळतं, तरी एकदा मी त्याला लिहून गेलो, "माझी पत्नी साधी आहे. तिला हे असलं काही समजायचं नाही."

घुबडाने उत्तर दिलं, "हं."

तो 'हं' कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण कुठे, ते आठवेना.

शनिवारी दुपारी कट्ट्यावर 'झोपाळू वाघ' नावाच्या सभासदाने व्यथा मांडली. "माझे सासरे या विषयातले फार मोठे जाणकार आहेत. बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. त्यांच्यासमोर अडाणी ठरू नये म्हणून मी दर आठवड्याला कुठूनतरी चार शब्द वाचून जातो. बोलता बोलता घराचे पैसे घालतो असं बोलून बसलोय. मला घालायचे नाहीत! पण आता माघार घेतली तर ते मनात काय म्हणतील?"

सुज्ञ वाचकहो, तुम्ही हसलात. मी हसलो नाही. मला त्या सासऱ्याचा संताप आला. 'फार मोठे जाणकार' हे शब्द वाचल्यावर तो मी असेन, अशी शंका मला शिवली नाही. आयुष्यभर सगळ्यावर शंका घेतली, आणि जिथे घ्यायची तिथे ती रजेवर! मी तडक लिहायला घेतलं : "वाघोबा, असले मख्ख सासरे मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुधा ते ढोंगी असावेत. त्यांना थेट विचारा, मुळात, काटेकोर अर्थाने पाहता, हे नाणं 'असतं' म्हणजे नेमकं कुठे असतं? आणि मान हलवू देऊ नका. तोंडाने उत्तर मागा."

वाघाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. घुबडाने, का कोण जाणे, टाळ्या वाजवल्याचं.

रविवार उजाडला. पाचावर धारण बसली म्हणजे काय, ते मला सकाळपासून कळत होतं. चार वेळा आरशासमोर म्हणून पाहिलं, "जावईबापू, थोडं थांबा." चारही वेळा आरशातला माणूस मान हलवून मोकळा झाला.

जेवणं झाली. जावयांनी फोन टेबलावर ठेवला. मुलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बायकोने चष्मा पुसला.

"बाबा," जावई खाकरले, "त्याआधी एक विचारू? मुळात, काटेकोर अर्थाने पाहता, हे नाणं 'असतं' म्हणजे नेमकं कुठे असतं?"

माझं वाक्य! स्वल्पविरामांसकट! डोळ्यांसमोर एकदम वाघ, खार, ढोंगी, मख्ख, सगळं गरगर फिरलं. आपल्याच हाताने मी आपल्या पायावर धोंडा पाडला होता, तोही नेम धरून. सवयीने मान हलायला लागली.

"मान नको, बाबा," जावई दंतवैद्याच्या आवाजात म्हणाले. "तोंड उघडा."

आणि गंमत अशी की, त्या घरात बसून, त्या विषयावर, पहिल्यांदाच मला उत्तर येत होतं. गल्ली, भिंती, किल्ली, सगळं जिभेवर तयार. एकदा सांगितलं असतं तर सव्वा लाखाची मूठ सव्वा कोटीची झाली असती. पण मग जावयांना माघार घ्यायला जागा उरली नसती. बटण दाबलं गेलं असतं. समोर मुलगी पदर पिळत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे कधीच माहीत नव्हतं. विकेंद्रीकरण नाही, ब्लॉकचेन नाही, काहीच नाही. आता तरी ते पैसे घराकडेच राहू द्या."

मग जावयांनी फोन उचलून खिशात टाकला आणि इतका लांब सुस्कारा सोडला की मेणबत्ती असती तर विझली असती.

"बाबा, मलाही नाही हो कळत! मी तुम्हाला घाबरून वाचत होतो!"

"आणि मी तुम्हा दोघांना घाबरून गप्प होते!" मुलगी म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

"म्हणजे त्या खारीचं खरं होतं तर," जावई म्हणाले.

"काय म्हणत होती खार?" बायकोने अगदी निरागसपणे विचारलं.

"की बाबा ढोंगी आहेत."

"हं," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काय चपळ खार, अजून थोडी भाजी वाढू?"

घास नव्हता, तरी मला ठसका लागला. जावई माझ्याकडे बघत राहिले. मी बायकोकडे बघत राहिलो. आणि तो 'हं' कुठे ऐकला होता ते मला आठवलं.

ती दोघं हसत हसत गेल्यावर मी ओट्याशी उभा राहून ताटं पुसत होतो. (त्या दिवशी मी आपणहून फडकं घेतलं.)

"तू मला कधी ओळखलंस?"

"पहिल्याच प्रश्नाला. क्षमा मागायला एक पान घेणारा माणूस जगात दुसरा नाही. तुमच्यासाठी टॅबवर पान मीच उघडं ठेवलं होतं. जावयांनाही मीच पाठवलं. तुम्हा दोघांनाही काही कळत नाही, हे पहिल्याच रविवारी दिसलं. म्हटलं, निदान तिघांत एकाने शिकून घ्यावं."

"मग तू घातलेस का काही?"

"तुम्हाला विचारलं होतं ना मागे, थोडे घालू का म्हणून. तुम्ही मान हलवलीत."

"मग?"

"मान हलली म्हणजे तुम्हाला काही कळलेलं नाही. म्हणून नाही घातले."

इतका स्वच्छ हिशेब ऐकून मला राहवलं नाही. मी हळूच म्हणालो, "अगं, पण आपलं लग्न ठरवताना वडिलांनी विचारलं, तेव्हाही मी नुसती मानच हलवली होती. तू समोरच तर होतीस. तेव्हा कशी फसलीस?"

तिने हातातलं शेवटचं ताट माझ्याकडे दिलं.

"तेव्हा मी नवशिकी होते," ती म्हणाली.