खिसा की पिशवी?

सुरतेतल्या उधन्याच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचं सामान अजून जिन्यातच होतं. तळमजल्यावरच्या आबा पाटलांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "खिसा की पिशवी?"

मला वाटलं, काहीतरी विकताहेत. मी "नको" म्हणालो.

"बँकेत आहात ना साहेब? मग खिसाच," असा निकाल देऊन ते आत गेले.

पुढे उलगडा झाला. हातात आलेला पैसा जो आत ठेवून वरून थोपटतो, तो खिसा. जो तोच पैसा घेऊन संध्याकाळी भाजीला निघतो, ती पिशवी. मंदीत सरकारनं पॅकेज काढायचं तर पहिलं पिशवीला द्यायचं, हा आबांचा सिद्धांत. आबा शिरपूरकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं इथल्या यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे कारागिरांचा मुकादम, म्हणून गेली. खडखडाटात ओरडून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यामुळे टीव्हीवर पॅकेज जाहीर झालं की त्यावरचं भाष्य आमच्या तिन्ही मजल्यांना घरबसल्या ऐकू येतं.

"कर्ज स्वस्त केलं म्हणे! अरे, कापडाला गिऱ्हाईक नाही, अन् शेठ कर्ज काढून नवे माग घेईल? त्यांचं काय लोणचं घालेल?"

मी बँकेची बाजू राखायला म्हणायचो, "आबा, रस्ते, पूलही बांधतात की. त्यातून कामं निघतात."

"बांधा ना! पण टेंडर निघून खोऱ्याला हात लागेपर्यंत कारागीर गावी पोचलेला असतो. अन् एकदा गेलेला कारागीर शेठच्या फोनवर परत येत नाही."

यंदा खरोखरच मंदी आली. मागांच्या शेड आठवड्यातून तीनच दिवस चालू लागल्या. समोरच्या खोलीत राहणाऱ्या भटूनं गावी परतायचं ठरवलं. भटू आबांच्याच भागातला, मागावर काम करणारा. त्याची बायको मंगला भांडी बांधायला लागली, तसे आबा कासावीस झाले.

त्याच आठवड्यात रविवारी सोसायटीची मीटिंग होती. अध्यक्ष परेशभाईंना जमलेल्या फंडातून झगमगत्या अक्षरांचं गेट उभारायचं होतं.

"आबा, गेट तो जोईए ने! इज्जतनो सवाल छे."

"गेट काय भाजी आणायला जातं का?" आबा उसळले. "त्याच पैशात भिंती रंगवा. माणसं आपली लावा. भटू आहे, त्याचे दोन जोडीदार आहेत. अन् मजुरी रोजच्या रोज. पैसा एक रात्र झोपला की आळशी होतो!"

दीड तास हे चाललं. शेवटी लोकांना जेवायला जायचं होतं म्हणून ठराव पास झाला.

मागावरच्या माणसांनी रंगवलेल्या भिंती कशा होतात ते आमच्याकडे येऊन बघावं. एक कोपरा पिस्ता, दुसरा शेवाळी. पण आबांचं भिंतीकडे लक्षच नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मला हाताला धरून त्यांनी कोपऱ्यावर नेऊन उभं केलं. मजुरी मिळालेला भटू पिशवी हलवत निघाला आणि थेट परेशभाईंच्या किराणा दुकानात शिरला. तेल, तूरडाळ, गूळ.

"बघा साहेब! गेटचे पैसे गेटवाल्याच्याच गल्ल्यात! याला म्हणायचं पॅकेज!" आबा इतक्या मोठ्यानं हसले की दोन रिक्षा थांबल्या.

दहा दिवसांत रंग संपला. शेड अजून तीनच दिवस चालत होत्या. मंगलानं पुन्हा भांडी बांधायला काढली. अकराव्या दिवशी सकाळी आबा माझ्या दारात उभे. म्हणाले, "दुसरा कोट मारावा म्हणतो. तुम्ही मीटिंगमध्ये बोला."

मला हसू आलं. "आबा, खरं सांगा. देशाची मंदी घालवायला चांगली भिंत दोनदा रंगवायची?"

ते आत येऊन खुर्चीत बसले. 

"पोरगं नदीपलीकडे अडाजणला राहतं," ते म्हणाले. "नातू येतात तेव्हा गुजरातीत विचारपूस करतात. गोड आहेत. मी पण गुजरातीतच सांगतो, मजामां. बायको होती तोवर घरात आपली अहिराणी होती. ती गेली. आता सकाळी ही मंगला दारातून विचारते, 'आबा, च्या लिन्हा का?' तेवढंच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या बी गावले निंघी ग्यात ना साहेब, तर मनासंगे बोलाले कोन ऱ्हाई?"

 एवढं अर्थशास्त्र त्यांनी आम्हाला ऐकवलं, आणि आपल्याशी आपल्या बोलीत बोलायला कुणी उरावं, हे एक मागणं मात्र त्यांना उघड करता आलं नव्हतं.

रविवारच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या कोटाचा ठराव मीच मांडला. परेशभाई माझ्याकडे बघतच राहिले. "केम साहेब, एक कोट कम पड्यो?"

"काय करणार परेशभाई," मी म्हणालो, "मंदी फार आहे."