दहापैकी सहा

माझा भाडेकरू नरेश वांढरे परदेशातल्या एका माणसाशी आठ दिवस भांडला. त्या माणसाने त्याचं काही बिघडवलं नव्हतं. तो नरेशला ओळखतही नव्हता. त्याने फक्त कॉम्प्युटरच्या एका खेळाला दहापैकी सहा मार्क दिले होते.

नरेश त्रेचाळीस वर्षांचा आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल कॉलेजातला पोरगा असेल. केस कमी, पोट पुढे. इथे वाडीतच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायचं काम करतो. ट्रक आला की नग मोजायचे, फाटलेलं-भिजलेलं बाजूला काढायचं आणि मगच बिल्टीवर, म्हणजे मालाच्या कागदावर, सही करायची. ड्रायव्हर कितीही घाई करो, हा म्हणणार, "माल उतरल्याबिगर सही नाही."

गोदामात हे ठीक आहे. हा घरीही तेच म्हणतो. निवडणुकीत कोण येणार विचारा, आंबा गोड निघेल का विचारा, उत्तर एकच. एकदा त्याची मामी त्याला कळमेश्वरला मुलगी दाखवायला घेऊन गेली. पोहे झाले, बोलणं झालं, मुलीच्या बापाने विचारलं, मग काय ठरवलं? याच्या तोंडून सवयीने तेच निघालं. पुढचा चहा आलाच नाही. मामी अजून याच्याशी बोलत नाही.

आता तो खेळ. मी चौथीपर्यंत शिकले, मला समजलं तेवढं सांगते. एक बुडालेलं राज्य आहे. जंगल आहे, राक्षस आहेत, आग ओकणारा अजगर आहे. आपण आपला एक माणूस तयार करायचा, त्याला तलवार द्यायची नाहीतर मंत्र शिकवायचे, मग तो गावोगाव फिरतो आणि लोकांची कामं करतो. पूर्ण व्हायला शंभर तास लागतात म्हणे.

"तेवढ्यात तुझी खोली झाडून झाली असती गा," मी म्हटलं.

"खोली कुठं पळून जाऊन राहिली, काकू?"

या खेळाचा पहिला भाग त्याने अकरा वर्षांपूर्वी खेळला होता. तेव्हापासून दुसऱ्याची वाट पाहत होता. तो बाजारात यायला दहा दिवस होते, तेव्हा त्या परदेशी माणसाला आधीच खेळायला मिळाला; खेळ तपासून मार्क देणं हेच त्याचं काम. त्याने खेळ कसा आहे ते लिहिलं आणि सहा दिले.

झालं. रोज दुपारी जेवायला आला की नरेश माझ्या ओसरीवर फोन घेऊन बसायचा आणि जगभरचे लोक काय म्हणतात ते मराठीत सांगायचा. मी तूर निवडत ऐकायचे. एक म्हणे, हा माणूस विकला गेला. दुसरा म्हणे, सहा जास्तच झाले. तिसऱ्याच्या आवडत्या खेळाला याच माणसाने मागे पाच दिले होते, तेव्हापासून तो मागावरच होता. एकाला अजगराचं तोंड पसंत नव्हतं. एक बाई म्हणाली शांत राहा, तर दोन्हीकडचे तिच्यावर उलटले. आमच्या नळावर याहून बरं भांडतात. निदान बादली तरी भरते.

"तू काय लिहिलं?"

"मी लिहिलं, तुम्ही चाळीस तास खेळले, खेळ शंभराचा. अर्धा ट्रक पाहून पावती फाडून राहिले तुम्ही."

"शितावरून भात कळते गा."

"भात कळते काकू, गोदाम नाही कळत. वरची पोती भिजलेली अन् खाली सगळी कोरडी, असं किती वेळा पाह्यलं मी."

चौथ्या दिवशी त्या माणसाचं उत्तर आलं. त्याने विचारलं होतं, कोणता ट्रक? नरेशने त्याला वाडीचं गोदाम कसं चालतं ते तीन पानं लिहून कळवलं. जेवण तसंच राहिलं.

सहाव्या दिवशी मी विचारलं, "या भांडणाऱ्यांतला खेळला कोण?"

"कोणीच नाही. बाजारात आलाच कुठं?"

"अन् तू?"

"मी कसा खेळीन?"

"मग चांगला आहे म्हणून काहून सांगत फिरतो? तुझा तरी माल कुठं उतरला? तू तर ट्रक यायच्या आधीच सही करून बसला."

नरेशने फोन उलटा ठेवला. ताट बाजूला सारलं. मग बोलला.

पहिला भाग तो एकटा खेळला नव्हता. हा धरून चौघे होते. शहरातल्या महाल भागातला सतीश, याचा शाळेतला बंड्या, आणि जुन्या नोकरीतला मोईन. आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून, दर रविवारी चौघं त्या जंगलात भेटायचे. मग कोणाचं लग्न झालं, कोणाची बदली झाली. पण दुसरा भाग आला की चौघांनी पुन्हा उतरायचं, असं ठरलं होतं. सहा मार्क आले त्याच दिवशी सतीशने ग्रुपवर लिहिलं, 'सहाच आहे, राहू दे.' बंड्याने त्याखाली होकाराचा अंगठा टाकला. मोईनने तोही टाकला नाही.

"आठ असते तर आले असते ते," नरेश म्हणाला.

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "आठ असते तर बायकोची तब्येत निघाली असती. नाहीतर पोराची परीक्षा. ज्याले यायचं नसते त्याले सहा काय अन् दहा काय."

"माहीत आहे मले. म्हणून काय त्या माणसाले सोडून देऊ?"

आणि फोन सुलटा करून पुन्हा लिहायला लागला.

खेळ आला, त्या रविवारी सकाळी मी वर त्याच्या खोलीत झुणका द्यायला गेले. पडद्यावर याचा तलवारवाला माणूस चालत होता आणि मागे आणखी तिघे.

"हे कोण?"

"सतीश, बंड्या, मोईन. कोणी आलं नाही तर मशीनच तिघं देते. नावं मी टाकली."

"ते तर नाही म्हणाले ना?"

"म्हणू द्या."

मी पलंगावर टेकले. थोड्या वेळात कोण सतीश, कोण बंड्या ते ओळखू यायला लागलं; मग लक्षात आलं, मागचे तिघे धड चालत नाहीत. झाडाला अडतात, भिंतीवर पाय घासत उभे राहतात. नरेश म्हणाला, त्या माणसाने हेच लिहिलं होतं आणि ते खरं आहे. त्यांना तिथेच सोडून पुढे गेलं तरी खेळ अडत नाही. पण हा दर वेळी मागे फिरायचा, अडकलेल्याला धक्का देऊन मोकळं करायचा आणि पुन्हा वाटेला लागायचा. अशाने तासाभरात एक डोंगरही पार झाला नाही.

शेवटी एक पूल आला. पलीकडे गावाचे दिवे दिसत होते. नरेश पुलावर चढला.

"बंड्या राहिला," मी म्हटलं.

"कुठं?"

"मागं. त्या विहिरीपाशी."

नरेश परत फिरला.