अधांतरी बिऱ्हाड

खंडेनवमीच्या दिवशी धारवाडात कुठलाच मेस्त्री पान्ह्याला हात लावत नाही. पान्हे त्या दिवशी हळदकुंकू लावून, झेंडू वाहून देवासारखे बसलेले असतात. आणि नेमक्या त्याच सकाळी संजीवच्या गाडीचा सायलेन्सर निखळून जमिनीला टेकला.

गाडी म्हणजे एक म्हातारी मॅटाडोर. कॉलेजात भूगोल शिकवता शिकवता संजीवला वाटू लागलं होतं, की नकाशावरच्या गावांना एकदा सहकुटुंब भेटून यावं. मग दोन उन्हाळे खपून त्यानं मॅटाडोरमध्ये फळ्यांचा पलंग बसवला, गॅसची शेगडी बसवली, पाण्याचं पिंप बसवलं आणि तान्ह्या नेत्रासाठी छताला झोळी टांगली. सप्तापुरातले सगळे शेजारी या गाडीला ‘बिऱ्हाड’ म्हणायचं. दसऱ्याच्या सकाळी हे बिऱ्हाड गोकर्णाला निघायचं होतं. फक्त संजीवची आई, कुसुमावती, येणार नव्हती. “त्या डब्यात बसून जायला मी काय लोणचं आहे?” असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं.

“मीच खाली शिरतो आणि तारेनं आवळतो,” संजीव म्हणाला. “वादिराजअण्णांचा जॅक आहे की.”

त्याची बायको दीपश्री हातातलं काम टाकून अंगणात आली. नेत्रा झाल्यापासून तिला धास्तावायला तसं फार काही लागायचं नाही. टेबलाचे कोपरे तिनं कापूस लावून बांधले होते आणि दूध उतू जायच्या आधीच ती शेगडीशी जाऊन उभी असायची. पण आत्ता तिच्या डोळ्यांसमोर वरती अख्खं बिऱ्हाड आणि खाली नवरा असं चित्र उभं राहिलं होतं.

“नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही,” ती म्हणाली. “जॅक उचलायला असतो, तोलून धरायला नाही. खाली ठोकळे पाहिजेत.”

“आहेत की. कंपाउंडचे सिमेंटचे.”

“ते आतून पोकळ असतात हो. तडकले म्हणजे? लाकडाचे पाहिजेत, भरीव.”

शेजारच्या वादिराजअण्णांचं बांधकाम चालू होतं. जॅकबरोबर त्यांनी तुळईचे कापलेले जाड तुकडेही आणून दिले. “वैनी, एनू आगंगिल्ल री,” ते कन्नडमधून धीर देत म्हणाले, म्हणजे काही होत नाही हो. “लॉरीचा जॅक आहे हा. सकाळीच पूजा केली त्याची.”

दीपश्रीचं तेवढ्यानं भागलं नाही. अंगणातल्या फरशीवरच गाडी घ्यायला लावली, मातीत नको. हँडब्रेक ओढलेला तिनं स्वतः ओढून पाहिला. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, ते कमी पडले तेव्हा घरातला वरवंटा आणला. सिलिंडर उतरवला, पाण्याचं पिंप रिकामं केलं, आणि गाडी खाली येईपर्यंत आत कोणी चढायचं नाही असं बजावलं.

ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या कुसुमावतीबाईंनी हे सगळं पाहिलं. “सायलेन्सर बांधायचाय की देऊळ बांधायचंय, कळेना बाई,” त्या भाजीलाच म्हणाल्या. “वरवंटा नेलास, आता चटणी काय चाकाखाली वाटायची?”

मागच्या चाकांचा आस उचलला गेला. दोन्ही बाजूंना ठोकळे रचले गेले. दीपश्रीनं वाकून पाहिलं, ठोकळे आणि आस यांच्यात बोट जाईल एवढीच फट होती. “आता जॅक सैल करून वजन ठोकळ्यांवर घ्या,” ती म्हणाली.

“घेतो, घेतो. तू जा, नेत्रा उठली बघ.”

नेत्रा खरंच रडत होती. दीपश्री आत गेली. संजीव आडवा होऊन गाडीखाली सरकला आणि पोटाशी अडकला. नवरात्रातल्या साबुदाण्याचा परिणाम. तो बाहेर आला, जॅक आणखी चार हात मारून वर घेतला, पुन्हा आत शिरला आणि शीळ घालत कामाला लागला. ठोकळे होते तिथेच राहिले. गाडी त्यांच्यापासून चांगली वीतभर वर गेली.

बऱ्याच वेळानं दीपश्री पानं मांडायला स्वयंपाकघरात आली तर भिंतीला लावून ठेवलेले पाट दिसेनात. कुसुमावतीबाईंनी लग्नात खानापूरहून आणलेले ते फणसाच्या लाकडाचे पाट, जाडजूड आणि सपाट. पाहुण्यांनासुद्धा त्या ते पुसून मगच द्यायच्या.

“आई, पाट कुठं गेले?”

“असतील इथंच.”

“नाहीत हो. वादिराजअण्णा जेवायला थांबलेत.”

“मग सतरंजी घाल. राजे लागून गेलेत काय सगळे?” सासूबाई तव्याकडे बघत म्हणाल्या. पोळी करपत होती, तरी त्यांनी ती उलटली नाही.

वादिराजअण्णा हात धुवत होते. “वैनी, जॅक कसा चकाचक दिसतोय, बघितला काय? पूजेला ठेवायचा म्हणून आतलं घाण काळं तेल सगळं ओतून टाकलं. घाण्याचं ताजं शेंगतेल भरलं.”

दीपश्रीच्या हातातलं ताट ताटलीवर आपटलं. ती बी.एस्सी. होती. जॅक त्याच्या खास तेलाच्या दाबावरच वजन पेलतो आणि शेंगतेल चटणीवर असावं, दोन्ही तिला ठाऊक होतं. ती दारापर्यंत पोचते न पोचते तोच अंगणातून फुस्स असा लांब आवाज आला. बिऱ्हाड हळूहळू खाली बसू लागलं, जशी दमलेली म्हातारी बसते. मग खट् असं काहीतरी वाजलं आणि ते थांबलं.

शीळ थांबली होती.

“अहो,” दीपश्री म्हणाली. ती गाडीपाशी धावली. “अहो, ऐकलं का.”

गाडीखालचे दोन पाय हलले.

“दीपा,” आतून संजीव म्हणाला, “आपले पाट इथं काय करतायत गं?”

दीपश्री तशीच फरशीवर बसली. तिनं वाकून पाहिलं. ठोकळ्यांवर खानापूरचे पाट रचलेले होते, दोन्हीकडे, आणि आस त्यांच्यावर टेकून बसला होता. शेजारी कपडे वाळत घालायची काठी पडली होती. संजीव पोट आवळून सरपटत बाहेर आला. सायलेन्सर बांधून झाला होता आणि त्याच्या नाकाला काजळी लागली होती, बाकी काही नाही.

सगळ्यांनी कुसुमावतीबाईंकडे बघितलं.

“यानं गाडी आणखी वर घेतली, मी खिडकीतून बघितलं,” त्या म्हणाल्या. “मधे एवढी जागा मोकळी. ही पोरगी सकाळपासून जीव टाकून सांगतेय. ऐकतंय कोण? म्हटलं, आपणच भरावी. हात नाही घातला हं मी, काठीनं ढकलले.”

“मला सांगायचं होतं की, आई,” दीपश्री म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू मेली असतीस काळजीनं. आधी जेवा, निवतंय.”

सगळे सतरंजीवर जेवले. वादिराजअण्णांनी शेंगाचटणीवर तेल घेतलं नाही. जॅक कामातून गेल्यामुळे बिऱ्हाड पाटांवरच राहिलं, आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी दीपश्रीनं आधी पाटांना हळदकुंकू लावलं.

दसऱ्याला दुपारी हुबळीचा मेस्त्री आला आणि त्यानं गाडी उतरवली. पाटांवर आसाचे वळ उमटले होते, पण एकही तडकला नव्हता. संजीवनं सामान भरलं. दीपश्रीनं चाकांचे नट पुन्हा एकदा हात लावून पाहिले. वळून बघते तर कुसुमावतीबाई नवं लुगडं नेसून, पाटांचा गठ्ठा कवटाळून गाडीच्या पायरीवर उभ्या.

“आई, तुम्ही येताय?”

“मी कशाला येते फिरायला?” त्या वर चढत म्हणाल्या. “वाटेत हा परत खाली शिरला तर? पाट सांभाळायला नको कोणी?”

दीपश्रीनं खाली राहिलेला वरवंटा उचलला आणि गुपचूप त्यांच्या पायाशी ठेवला.